आपल्या कुत्र्याच्या, वाघ्याच्या नखांविषयी

पुणे,
रविवार, 8 जून 2025

ती. बाबा आणि ती. आई यांस,
मनूचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल वाघ्याला पुण्याला आणण्याचा विषय काढला, तेव्हा आई एकदम गप्प झाली आणि बाबांनी "बघू" म्हणून फोन ठेवला. मला फोनवर धड बोलता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. येत्या रविवारी, 15 तारखेला, मी गाडी घेऊन वाईला येईन आणि परतताना वाघ्याला सोबत आणेन. दिवाळीपर्यंत तो माझ्याकडे राहील. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, घरमालकांशीही बोलले आहे. हे सगळे ठरवण्याआधी तुम्हाला विचारायला हवे होते, हे मला कळते. पण विचारले असते तर "आम्ही करू की" असेच तुम्ही म्हणाला असतात, आणि मीही नेहमीसारखी ऐकून गप्प बसले असते.

मार्चमध्ये आईने सांगितले होते की तुळशीपाशी वाघ्याचे अख्खे नख पडलेले सापडले. मी तेव्हा कामाच्या गडबडीत होते. "कुठे तरी अडकून तुटले असेल, येईल परत," एवढे म्हणून मी मोकळी झाले, आणि ते वाक्य आता मला झोपू देत नाही. मे महिन्यात आले तेव्हा त्याचा पुढचा डावा पाय मांडीवर घेतला, तर एक नख मधोमध उभे चिरलेले होते, त्याच्या कडा वाळलेल्या बांबूसारख्या पिंजल्या होत्या आणि आतला लाल, कोवळा भाग उघडा पडला होता. चाटून चाटून बोटांमधले केस ओलसर तांबूस झाले होते. एकूण 18 नखांपैकी 11 नखे अशीच होती. एवढे दुखत असताना तो दारापर्यंत माझ्या स्वागताला आला होता.

इथल्या डॉक्टरांनी जे समजावले, ते लिहिते. एखादेच नख बिघडले असेल तर मार, जखम, जंतुसंसर्ग किंवा क्वचित गाठ यांचा विचार करतात. पण एरवी ठणठणीत असलेल्या, ऐन उमेदीतल्या कुत्र्याची चारही पायांची नखे एकामागून एक सुटू लागली, आणि त्यातून तो जर्मन शेफर्ड असला, तर बहुधा सिमेट्रिकल ल्युपॉइड ऑनिकोडिस्ट्रॉफी नावाचा आजार असतो. यात शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच नखाच्या मुळावर उलटते. नख सुटून पडते आणि नवे येते ते कोरडे, वाकडे, ठिसूळ येते. बुरशीची तपासणी केली, तिच्यात काही निघाले नाही. आधी मिळालेल्या मलमाचा उपयोग झाला नाही तो म्हणूनच. बाबा दोन महिने ते किती निगुतीने लावत होते, हे मी पाहिले आहे. आणि आई, तुझ्या दूध-भाकरीत काहीही कमी पडलेले नाही. हा आजार कुणाच्या हेळसांडीने होत नाही, आणि वाघ्याकडून माणसांना किंवा दुसऱ्या कुत्र्यांना लागतही नाही.

उपचार आहेत, पण ते सावकाश गुण देणारे आहेत. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, ई जीवनसत्त्व, डॉक्सिसायक्लिन आणि नायसिनामाइड असे रोज द्यायचे आहे, आणि सुरुवातीचे काही आठवडे स्टेरॉइडही. मुळाशी चांगले नख दिसू लागायलाच तीन-चार महिने जातात. स्टेरॉइडमुळे त्याला तहान फार लागेल, त्यामुळे रात्री दोन-तीनदा बाहेर न्यावे लागेल. बाबांनी पावसाळ्यात, अंधारात, ओल्या पायऱ्या उतराव्यात हे मला नको आहे. माशाच्या तेलाचा वास आईला सोसणार नाही. वाघ्यासाठी तू तेही नाकाला पदर लावून केले असतेस, म्हणूनच मी आधी ठरवून मग सांगितले. जी नखे नुसती लोंबत आहेत, ती भूल देऊन काढतील. आई, घाबरू नकोस. त्याला काही कळणार नाही, आणि लोंबणारे नख प्रत्येक पावलाला जेवढे दुखते, त्यापेक्षा ते निघालेले बरे.

बाबा, गेल्या महिन्यात तुम्ही नख कापत असताना त्याने पाय हिसडला आणि तुम्ही मनगटावर पडलात. मनगट अजून दुखते, हे मला आईकडून कळले. तुमच्या रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत, आणि त्याच्या तुटक्या नखांना पात्यासारखी धार आली आहे.

रविवारी सकाळी मांडीवर वर्तमानपत्र पसरून तुम्ही माझी नखे कापायचात आणि प्रत्येक बोटाला विचारायचात, "दुखलं का गं?" मला नखुरडे झाले होते तेव्हा आईने बोटावर लिंबाची टोपी चढवून रात्रभर माझा हात आपल्या हातात धरून ठेवला होता. वाघ्याच्या वाट्याला हेच दोन हात आले, याचे मला फार समाधान आहे.

आता हा एक आठवडा मात्र मी सांगते तसेच करायचे. बाबांनी नेलकटर कपाटातून बाहेर काढायचेच नाही. लोंबणारे नख ओढायचे नाही. रक्त आले तर त्यावर कॉर्नफ्लॉवर लावून स्वच्छ फडक्याने पाच मिनिटे दाबून धरायचे, मध्ये उचलून बघायचे नाही. लिंबू नको, हळद-तेलही नको. तो ते चाटतो आणि जखम पुन्हा ओली होते. बाबांच्या गुडघ्याच्या गोळीतला तुकडासुद्धा त्याला द्यायचा नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. घाटाच्या पायऱ्यांवर फिरायला नेणे बंद, फक्त अंगणात. पावसात भिजला तर कोमट पाण्याने पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या.

इथे त्याची सोय चांगली आहे. माझे घर तळमजल्यावर आहे, पाय घसरू नयेत म्हणून सगळ्या खोल्यांत मी सतरंज्या अंथरल्या आहेत आणि मागे थोडी मातीची जागाही आहे. जून-जुलै मी घरूनच काम करणार आहे. भाकरी मला तुझ्यासारखी जमत नाही, पण ज्वारीचे पीठ आणून ठेवले आहे. रोज संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल करीन, म्हणजे बाबांचा आवाज ऐकून तो जेवेल. नखे थोडी वाढली की मी ती कानशीने घासून आखूड ठेवायला शिकले आहे, दिवाळीत बाबांना दाखवीन.

आई, त्याची गोधडी तेवढी बांधून ठेव, आणि कृपा करून धुऊ नकोस. घरचा वास तिला तसाच राहू दे.

तुमची,
मनू