प्रवाळाच्या टँकला एप्रिलपेक्षा वळीव जड जातो

संपादक महाशय,

पारा 35 च्या वर गेला की बेळगावात घरी समुद्री मत्स्यालय ठेवणाऱ्यांना पहिला सल्ला मिळतो तो चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घेण्याचा. गोव्यात किंवा मालवणात तो रास्त असेल. आपल्याकडे मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत साधा पंखा ते काम भागवतो, फक्त तो नीट बसवलेला हवा. खरी अडचण वळीव सुरू झाल्यावर येते. बाहेर गारवा आलेला असतो, म्हणून नेमके तेव्हाच टँककडे दुर्लक्ष होते.

प्रवाळांना 24 ते 27 अंश सेल्सियस मानवते. पाणी काही दिवस 30 च्या वर राहिले तर त्यांच्या पेशींत राहणारे सूक्ष्म शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशांची गरज मात्र वाढते, म्हणून मासे त्याआधीच वर येऊन धापा टाकतात. पहाटे हे जास्त दिसते, कारण रात्रभर शैवालही प्राणवायू खर्चच करत असते.

आता पंख्याचे गणित. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. 200 लिटरच्या टँकमधून दिवसाला 3 लिटर उडाले तर सतत 80 वॉटच्या आसपास उष्णता बाहेर पडते. खालच्या टाकीतले पाणी वर टँकमध्ये परत पाठवणारा 40 वॉटचा रिटर्न पंप पाण्यात जेवढी उष्णता सोडतो त्याच्या ही दुप्पट झाली. याउलट फ्रीजरमधली एक लिटरची बर्फाची बाटली हे 200 लिटर पाणी जेमतेम अर्ध्या अंशाने उतरवते.

संगणकाचा 120 मिलिमीटरचा, 12 व्होल्टचा पंखा पुरतो; वीज 3 वॉटच्या आसपास. तो सम्पमधल्या, म्हणजे टँकखालच्या कॅबिनेटमधल्या टाकीतल्या, पाण्यापासून आठ-दहा सेंटीमीटर वर, तिरका, वारा पृष्ठभागावरून सरकेल असा बांधावा. कॅबिनेटचे दार बंद ठेवून पंखा लावणे ही नेहमीची चूक. आतली दमट हवा तिथेच गरगरत राहते, काच घामेजते आणि तापमान हलत नाही. दार उघडे आणि खोलीची खिडकी किलकिली हवीच. टँकवरचे काचेचे झाकण काढून बारीक जाळी बसवावी, नाहीतर मासा सकाळी फरशीवर सापडतो. खारट तुषारांनी पंख्याचे बेअरिंग गंजते, म्हणून एक जादा पंखा घरात असू द्यावा. पंखा तापमान नियंत्रकावर 26.5 ला चालू आणि 25.8 ला बंद असा लावावा. हीटर असेल तर तो 24 वर ठेवावा, म्हणजे दोघांची भांडणे लागत नाहीत.

उडते ते गोडे पाणी, मीठ मागेच राहते. रोज 3 लिटर उडून चार दिवस भर घातली नाही तर 200 लिटरमधली क्षारता, म्हणजे पाण्यातले मिठाचे प्रमाण, दर हजारी 35 वरून 37 च्या पुढे जाते. भर घालायची ती गोड्या पाण्याची, मिठाच्या पाण्याची नव्हे, आणि तीही एकदम बादलीभर नको. फ्लोट व्हॉल्व्हने (पातळी उतरली की उघडणाऱ्या तरंगत्या झडपेने) थोडी थोडी जाऊ द्यावी. बोअरचे पाणी चालत नाही. स्वयंपाकघरातल्या आरओचेही सरसकट चालत नाही. अनेक यंत्रांत चवीसाठी मिनरल काडतूस असते किंवा थोडे कच्चे पाणी परत मिसळले जाते. त्याआधीच फाटा काढून डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणाऱ्या गाळणीतून) पाणी घ्यावे आणि विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर शून्य दाखवतो ना ते पाहावे.

आणि आता वळीव. पंख्याने पाणी हवेच्या ओल्या-गोळ्याच्या तापमानाखाली, म्हणजे ओले फडके गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात दाखवतो त्याखाली, जाऊच शकत नाही. हवा 36 अंश आणि आर्द्रता 30 टक्के असताना ही मर्यादा 22-23 अंश असते. हवा 30 पर्यंत उतरून आर्द्रता 85 टक्के झाली की मर्यादाच 28 च्या जवळ जाते. पंप आणि दिव्यांची भर त्यावर वेगळी. म्हणजे माणसाला हायसे वाटते त्या संध्याकाळी पंखा नुसताच फिरत असतो. अशा दिवसांत दिवे सायंकाळी सहा ते मध्यरात्र असे रात्रीकडे सरकवावेत, खाणे कमी करावे, स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारे यंत्र) अखंड चालू ठेवावा. बर्फाच्या बंद बाटल्या सम्पमध्ये एकेक करून सोडाव्यात. बाटली काठोकाठ भरून गोठवू नये, फुटते. सुटा बर्फ पाण्यात टाकू नये. एवढ्याने भागत नसेल तरच चिलर घ्यावा, आणि तो कॅबिनेटमध्ये कोंडू नये. त्याची गरम हवा खोलीबाहेर गेली नाही तर तो स्वतःशीच झगडत राहतो.

वळवाबरोबर वीजही जाते. खानापूरच्या बाजूला झाड तारांवर पडले की रात्र गेलीच समजा. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या चांगल्या बॅटरीवर रिटर्न पंप, टँकमधले पाणी हलते ठेवणारा वेव्हमेकर आणि पंखा मिळून 60 वॉटचा भार सुमारे वीस तास निघतो, मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा. स्क्वेअर वेव्हवर पंप गुणगुणतात आणि स्वतःच तापतात. घरातले दिवे-पंखे त्याच इन्व्हर्टरवर असतील तर हे तास निम्म्याहून खाली येतात, तेव्हा टँकची लाइन वेगळी काढावी. चिलर त्यावर जोडू नये. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी निदान बॅटरीवरचा एअर पंप आणावा. वीज गेलेल्या रात्री मासे गुदमरतात ते बहुधा उष्णतेने नव्हे, पाणी थांबल्याने.

– दोन मत्स्यालयपालक, टिळकवाडी, बेळगाव