मरिनर्सला फलंदाज हवा

महोदय,

१८ जून २०२४ रोजी आमचा बेसबॉल संघ सिअ‍ॅटल मरिनर्स गटात १० सामन्यांनी पुढे होता. जुलैच्या मध्यातल्या ऑल-स्टार सुट्टीपर्यंत ती आघाडी एका सामन्यावर आली. गटातला प्रतिस्पर्धी संघ ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज मानगुटीवर बसलाय. आमचे गोलंदाज लोगन गिल्बर्ट, जॉर्ज कर्बी जीव तोडून चेंडू टाकतात आणि आमचे फलंदाज हवेत बॅट फिरवून परततात. या महिन्यात टी-मोबाइल पार्क या आमच्या मैदानावर शेजारचे आजोबा पेन्सिलीने धावफलक भरत होते. आमच्या फलंदाजांच्या स्ट्राइकआउटचे (तीन स्ट्राइकवर बाद झाल्याच्या खुणेचे) ‘के’ लिहिताना त्यांनी दोनदा टोक केले. अशी गोलंदाजी वाया जाताना बघवत नाही. १९७७ पासून हा संघ वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेला, एकदाही पोहोचलेला नाही. यंदा ३० जुलैला संघांमधली खेळाडूंची अदलाबदल बंद होते. त्याआधी व्यवस्थापनाने भरवशाचा एक तरी फलंदाज आणावा.

– एक मराठी वाचक, सिअ‍ॅटल, जुलै २०२४