मुलीला नव्हे, होडीला काट्यावर चढवणाऱ्या तांडेलकाकांस

आदरणीय तांडेलकाका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती मी देणारच आहे; पण माझ्या मुलीचा अपमान चारचौघांत झाला होता, म्हणून तुमचे आभारही चारचौघांतच मानावेत असे वाटले.

पंधरा वर्षांची ही मुलगी तुमच्याकडे आली तेव्हा तिने रात्रीचे जेवण जवळपास सोडले होते. त्याआधी ती जिथे शिडाची होडी शर्यतीत हाकायला शिकत होती, तिथले प्रशिक्षक दर शनिवारी तिला सगळ्या मुलांसमोर वजनकाट्यावर उभे करत आणि शर्यतीत मागे पडण्याचे कारण म्हणून तो आकडा मोठ्याने वाचून दाखवत. ४.७ चौरस मीटरचे शीड ५८ किलोंना ओढणार कसे, हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मंद वाऱ्यात जड माणसाची होडी थोडी मागे राहते, हे खरेच आहे. पण आमची मुलगी भर वाऱ्यातही मागेच पडत होती, जेव्हा होडीबाहेर झुकून तोल धरायला वजन कामीच यायला हवे. मग तिथेही ती मागे का, हे दोन हंगामांत एकाही जाणत्या माणसाच्या मनात आले नाही, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही तिला वजन विचारलेच नाही. पाण्याबाहेर काढलेल्या होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, तुम्ही हाताने उचलून पाहिलीत, क्षणभर तशीच धरलीत आणि म्हणालात, "पोरी, इकडे ये. कान लाव." मीठ चढलेल्या त्या पांढऱ्या पाठीवर तिने गाल टेकवला. तुम्ही होडी अगदी हळू हलवलीत आणि तिच्या बंद पोकळीतले पाणी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेले. मी पाच-सहा हातांवर उभी होते. मला काहीच ऐकू आले नाही, पण तिचा चेहरा दिसला. होडीत पाणी आहे, हे तुम्हाला नाळ उचलताक्षणीच कळले असणार. तसे सांगून तुम्ही मोकळे झाला असता, तरी दुरुस्ती झालीच असती. तुम्ही मात्र ते तिला स्वतःच्या कानांनी ऐकू दिलेत, आणि माझ्या लेखी सगळे त्यातच आले.

नंतर काटा आला, तो होडीसाठी. तिची होडी आयएलसीए वर्गाची, म्हणजे एकट्याने हाकायची शर्यतीची लहान शिडाची होडी; या वर्गाच्या नुसत्या होडीचे वजन ५९ किलोंच्या आसपास असते. आमची जुनी होडी ६८ भरली. डोलकाठी जिथे रोवतात तिथे बारीक चीर होती. होडी कलली की हे आत शिरलेले पाणी खालच्या बाजूला धावे आणि कल आणखी वाढवी. म्हणजे ही मुलगी जितकी बाहेर झुकून होडी सावरत होती, तितकेच आतले पाणी तिच्याविरुद्ध ओढत होते. "गलबत कलू नये म्हणून तळाशी दगडाचं नीरम भरायचे," तुम्ही तिला म्हणालात. "हिच्यात नीरम नाही. तूच नीरम. आणि दगडाला कुठं सरकायचं ते कळत नाही, तुला कळतं." ज्या वजनाची तिला दोन वर्षे लाज वाटत होती, त्याला तुम्ही एका वाक्यात होडीचा आधार करून टाकलेत.

आता वारा पडला की ती पुढे सरकून बसते, होडीची मागची कड पाण्यातून सुटू देते आणि मागे बुडबुड ऐकू आली की आपण फार मागे बसलो हे ओळखते. वारा वाढला की मागे सरकते, पट्ट्यात पाय अडकवते आणि निःसंकोच सगळे अंग बाहेर झोकते.

शर्यतीच्या नियमांत अंगावरच्या कपड्यांना आणि साहित्याला सर्वसाधारण ८ किलोंची मर्यादा आहे, आणि केवळ वजन वाढवण्यासाठी काही अंगावर घालायला मनाई आहे. पण एकट्याने हाकायच्या या होडीत हाकणाऱ्याच्या स्वतःच्या वजनाबद्दल एक अक्षरही नाही. जे नियमाने विचारले नाही, ते वाढत्या वयाच्या मुलीला सर्वांदेखत विचारणाऱ्यांकडे प्रमाणपत्रे होती. तुमच्याकडे आहेत की नाहीत, हे मी कधी विचारले नाही. समोरच्या मुलाला दोष देण्याआधी त्याच्या हातातली वस्तू एकदा उचलून पाहण्याइतका सज्जनपणा ज्यांच्याकडे असतो, अशी माणसे मुलांच्या वाट्याला फार थोडी येतात. ती आमच्या मुलीच्या वाट्याला आली.

परवा रात्री तिने दुसरी भाकरी मागून घेतली. मी काही बोलले नाही. ताटात वाढली आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिले.

येत्या रविवारी तिच्या डब्यात तुमच्यासाठीही घावन आणि चटणी ठेवते आहे. नाही म्हणू नका.

तुमची,
तुम्ही जिला "पोरी" म्हणता, तिची आई