गोळ्या मिळतात, पथ्याचा डबा कोण देणार?

संपादक महोदय,

फौजेत मी १७ वर्षं आचारी होतो. त्यातली शेवटची सहा मिलिटरी हॉस्पिटलच्या किचनमध्ये गेली. वॉर्डातून सकाळी कागद यायचा : इतके साधे, इतके शुगरवाले, इतके बिनमिठाचे, इतके नुसत्या पेजेवर. अदलाबदल झाली की सिस्टर थेट चुलीपाशी येऊन उभ्या राहायच्या. पेन्शन घेऊन गावी आलं की तो कागद येत नाही.

आमच्या गावचे एक सुभेदारसाहेब, वय ७१, डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून दोनदा एसटीनं साताऱ्याला जातात. वहिनी गेल्या, मुलगा पुण्यात. डायलिसिस सुरू झालं तेव्हा आहाराचा छापील कागद मिळाला तो इंग्रजीत; ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. साहेबांनी घडी घालून पेन्शनच्या फायलीत ठेवून दिला. मीठ कमी करायचं एवढं कळलं होतं, म्हणून दुकानातून 'कमी सोडियम'वालं मीठ आणलं. भेटायला येणारे शहाळी आणायचे. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, शहाळ्यातही तेच, आणि निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही. एका रात्री पायातलं बळच गेलं, छातीत धडधड. जीप करून नेलं म्हणून वाचले.

मग जुन्या ओळखीच्या आहारतज्ज्ञ मॅडमना फोन करून मी सगळं विचारून घेतलं. तेव्हापासून एक वेळचा डबा माझ्या घरून जातो. भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायची आणि ते पाणी ओतून द्यायचं, म्हणजे पोटॅशियम बरंचसं त्याबरोबर जातं. (भाजीचं पाणी फेकलं म्हणून मी किती पोरांना झापलं असेल!) मग लसूण-जिऱ्याची फोडणी. बाजरीऐवजी तांदळाची भाकरी. भाकरीत मीठ नसतंच, ते असतं खर्ड्यात आणि लोणच्यात. खर्डा सोडवायला मला तीन महिने लागले आणि अजूनही मला साहेबांवर संशय आहे. किडनीला चालत नाही म्हणून त्यांनी अंडीही बंद केली होती. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनं उलट जास्त लागतात. आता रोज दोन अंड्यांचं पांढरं खातात.

माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे, औषधं मिळतात, ऑपरेशनं होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण शुगर, बीपी, किडनी यांत गोळीइतकंच ताटात काय पडतं त्यावर असतं. अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत आहारतज्ज्ञ नेमलेले असतात. आपल्याकडे या योजनेच्या प्रत्येक पॉलिक्लिनिकमध्ये (दवाखान्यात) महिन्यातून दोन दिवस तरी मराठी बोलणारा आहारतज्ज्ञ बसावा, आणि त्यानं ओट्स नव्हे, घेवडा नि भाकरी धरून सांगावं. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना बचत गटांकडून पथ्याचा डबा मिळावा. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा निधी गोळा होतो, भाषणांत पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाचं नाव निघतं. त्या निधीतून काही डबे निघतील का, हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयानं बघावं.

बचत गटाच्या बायकांना शिकवायला मी येईन, मानधन नको. फक्त बुधवार-शनिवार सोडून. त्या दिवशी साहेबांचा डबा पहाटेच द्यावा लागतो.

– एक माजी हवालदार (आचारी), ता. कोरेगाव, जि. सातारा