आधी गाणं, मग पुस्तक

शार्लट, नॉर्थ कॅरोलिना
२० जुलै

प्रिय मित्रा,

सप्रेम जय भीम.

मे महिन्यात विहारात वर्ग घेतलास, पण पोरं दोन दिवस आली आणि तिसऱ्या दिवशी क्रिकेटला पळाली, हे वाचून वाईट वाटलं. म्हणून परवा इथे पाहिलेलं तुला सांगतो.

आमच्या घराजवळच्या चर्चमध्ये उन्हाळ्यात सहा आठवडे ‘फ्रीडम स्कूल’ भरतं. बहुतेक मुलं कृष्णवर्णीय, शिकवणारी कॉलेजातली. मला गोष्ट वाचायला बोलावलं होतं. हॉलमध्ये शिरलो तर पन्नासेक पोरं टाळ्या वाजवत, पाय आपटत गात होती! दिवसाची सुरुवात रोज अशीच. तिला ‘हरांबे’ म्हणतात. स्वाहिली शब्द आहे, म्हणजे ‘चला, मिळून ओढू या’.

माझ्या गोष्टीत आजी नातीला तेल लावून तिच्या बारीक वेण्या घालते. पुढे बसलेली सात-आठ वर्षांची पोर ताडकन उभी राहिली, “माझी आजीपण अशीच घालते!” चित्रातली मुलगी तिच्यासारखीच होती, काळीसावळी, कुरळ्या केसांची. नंतर ती ते पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसली आणि अडखळत, बोट ठेवत एकटीच वाचत राहिली. मित्रा, मला भरून आलं. आपल्या लहानपणी कुठल्या धड्यात आपली वस्ती होती रे?

या शाळांचं मूळ १९६४ च्या मिसिसिपीत, अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यात आहे. काळ्यांच्या शाळांना सरकार जेमतेम पैसे देई, मतदानाचं तर नावच नको. नागरी हक्क चळवळीतल्या चार्ली कॉब या तरुण कार्यकर्त्याने कल्पना मांडली आणि त्या उन्हाळ्यात चाळीसएक शाळा उभ्या राहिल्या, चर्चमध्ये, अंगणात, झाडाखाली. जूनमध्येच तीन कार्यकर्त्यांचा खून झाला होता. तरी आईबापांनी पोरं पाठवली. त्या आईबापांचा विचार माझ्या मनातून जात नाही. पुढे १९९० च्या दशकात मॅरियन राइट एडलमन यांच्या ‘चिल्ड्रन्स डिफेन्स फंड’ या मुलांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेने ही परंपरा नव्याने सुरू केली.

मी तिथल्या एका ताईला सांगितलं, की १८७३ साली आमच्या जोतिबांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली होती. तिने लगेच वहीत नाव लिहून घेतलं, दोनदा उच्चार विचारला.

दिवाळीच्या सुट्टीत वर्ग पुन्हा घे. फळा-खडू राहू दे, आधी भीमगीतं म्हणू देत, मोठ्याने, नाचत. मग पुस्तक, आणि पुस्तकात आपली माणसं असू देत. आवडलेलं पुस्तक घरी नेऊ दे, परत मागू नकोस. पैशाचं मी बघतो. तू फक्त पोरं किती आणि कितवीतली ते कळव.

आईला नमस्कार.

तुझाच