नाव माहीत नसलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार

माझं फुफ्फुस परत कोलॅप्स झालं, म्हणजे छातीत हवा साठून आकसलं, आणि तेही ऑपरेशन झालेल्याच बाजूचं. दुर्बिणीतून फुफ्फुसावरचे हवेचे फुगे कापून काढलेले, फुफ्फुस छातीच्या आतल्या अस्तराला चिकटवलेलं, म्हणजे आता सुटलो असंच घरात सगळ्यांनी धरलं होतं. असं ऑपरेशननंतर शंभरातल्या साधारण पाचेक जणांना परत होऊ शकतं, पण आपण त्यात असू हे कुणाच्या डोक्यात येतं!

इमर्जन्सीतल्या त्या ताई, तुमचे आभार सगळ्यात आधी. खांद्यापर्यंत जाणारी कळ आणि अर्धाच श्वास एवढं ऐकून तुम्ही लगेच ऑक्सिजन लावला, एक्स-रेला पाठवलं, आणि आधी चिकटवलंय हे डॉक्टरांना स्वतःहून सांगितलंत, हे फार मोलाचं होतं कारण चिकटलेल्या जागी साठलेली हवा काढायची नळी घालताना फुफ्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून त्यांनी आधी सीटी करून हवेचा कप्पा नेमका कुठे आहे ते बघितलं.

रात्रपाळीचे ब्रदर, नळीला जोडलेल्या बाटलीतले बुडबुडे थांबले की नाही, म्हणजे हवा यायची बंद झाली की नाही, हे मी सारखं विचारायचो आणि तुम्ही दरवेळी न चिडता वाकून बघायचात, खोकायला लावायचात, समजावून सांगायचात. नळी असताना खोकणं म्हणजे काय ते ज्याला झालंय त्यालाच कळेल. फिजिओ मॅडम, शेजारच्या बेडवरचे काका ज्यांनी माझ्या आईला धीर दिला, तुम्हा कुणाचीच नावं विचारायची राहिली. हे तुमच्यापर्यंत पोचावं एवढीच इच्छा आहे, खूप खूप थँक्यू.