सुध्या, त्या सोंगांचं काय झालं?

डोंबिवली,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुध्या,

तुझा ना फोन, ना पत्र, म्हणून जुनं भांडण उकरून काढतोय. कॉलेजात असताना शिवाजी मंदिरला दिलीप प्रभावळकरांचं 'हसवा फसवी' नाटक बघून बाहेर पडलो, तेव्हा बटाटावडा खाता खाता तू फर्मान काढलंस, "सहा सोंगं काढली, अभिनय कुठाय?" मी तोंड फुगवलं, तू माझ्या वाटणीचाही वडा खाल्लास आणि वाद तिथेच राहिला.

मागच्या महिन्यात आईला प्रभावळकरांचा 'दशावतार' सिनेमा दाखवायला नेलं. एसी लागला की आईचा डोळा लागतोच. पण पडद्यावर तो थकलेला बाबुली मेस्त्री आला आणि बाई ताठ बसली. थोड्या वेळाने मला कोपर मारून विचारते, "ह्यो माणूस खयचो रे?" म्हटलं, "आई, हे आबा टिपरे." "गप रव, ते येगळे." आणि पुन्हा पडद्याकडे. टीव्हीवरच्या टिपऱ्यांच्या मालिकेचा एकही भाग न चुकवलेली बाई ही! प्रभावळकर आता ८१ वर्षांचे आहेत. त्यांच्या घरातल्या पुरस्कारांची गर्दी मला माहीत आहे, पण आईच्या कोपरापुढे ती फिकी.

आणि तुझा तो 'सोंग' शब्द. आईच्या गावाकडे, कोकणात, तो शिवी नाही रे. दशावतार या तिथल्या लोकनाट्यातला नट पेटारा उघडून आरशासमोर बसतो, स्वतःचं तोंड स्वतःच रंगवतो. कथा ठरलेली, संवाद मात्र रंगमंचावर सुचतील तसे. रात्रभर राजा म्हणून मिरवायचं आणि उजाडलं की सामान बांधून पुढचं गाव गाठायचं. त्याला तिकडे सोंग म्हणतात आणि मान देतात.

बरं, वरवरची नक्कल म्हणून तू त्यांना हिणवलंस, त्यावर माझ्याकडे एकच पुरावा आहे, पण तो पुरेसा आहे. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात ते मतिमंद मुलाचे वडील होते. मुलावर जीव आहे, आणि त्याच मुलामुळे आयुष्य नासलं हा राग गिळत जगणारे काटदरे. माझ्या बाबांना मी नाटकात रडताना पहिल्यांदा तिथे पाहिलं. आणि १९९१ च्या 'चौकट राजा' सिनेमात हाच माणूस नंदू झाला, म्हणजे थेट तो मुलगाच! एकाच दुःखाच्या दोन्ही बाजूंना उभं राहून आलेला नट. नकलाकाराला दुसऱ्या बाजूला जायची गरजच पडत नाही, त्याचं एका बाजूवर भागतं.

'झपाटलेला' सिनेमाचं तर मला अजून आश्चर्य वाटतं. त्यांचा तो गुंड तात्या विंचू जिवंत असतो थोडाच वेळ. पुढे बाहुला आणि त्याला हलवणारे रामदास पाध्ये. चेहरा गेला, चाल गेली, हातात उरला नुसता गळा, आणि तरी माझी धाकटी बहीण कितीतरी रात्री दिवा लावून झोपायची. भीती घालायचा सराव जुना होता म्हणा. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यातली चेटकीण त्यांनीच गाजवली होती.

२००६ मध्ये मुन्नाभाईसमोर गांधीजी. ज्यांचा चेहरा नोटेवर आहे, त्यांची भूमिका ही खरी परीक्षा, कारण प्रत्येक प्रेक्षकाजवळ मूळ प्रत असते. त्यांनी ती मिरवली नाही, कोपऱ्यात उभं राहून हळू आवाजात बोलले. त्या कामाला (आणि 'शेवरी' या मराठी सिनेमातल्या कामाला) राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग दोनच वर्षांनी 'सरकार राज'मध्ये रावसाहेब! तसाच सोज्वळ, तसाच मऊ आवाज, आणि आत नुसतं विष. मुन्नाभाईतून साठलेला आमचा सगळा विश्वास त्यांनी तिथे खर्चून टाकला. हीरो असता तर प्रतिमा सांभाळत बसला असता. यांच्याकडे सांभाळायला प्रतिमाच नव्हती. औषध कंपनीत नोकरी करत नाटक करणाऱ्या माणसाला ती चैन परवडलीही नसती.

त्यांच्या टीव्हीवरच्या चिमणरावाबद्दल लिहीत नाही. आपण तेव्हा शेजाऱ्यांच्या खिडकीत लटकून ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही बघायचो, त्यामुळे मला चिमणराव कमी आणि खिडकीचे गज जास्त आठवतात.

एक मात्र कबूल करतो. 'हसवा फसवी'तल्या सहांपैकी एक-दोन जण विग आणि आवाजावर निभावले होते, तिथे तू चुकला नव्हतास. पण कृष्णराव हेरंबकर? तो म्हातारा संगीतनट? ते नाटकही त्यांनीच लिहिलं होतं, म्हणजे तो म्हातारा आधी कागदावर आणि मग अंगावर, दोनदा घडवला. त्याच्या वेळी तूही गप्प झाला होतास. मी तुझ्याकडे बघत होतो.

दिवाळीत येतोयस ना? वडा तू द्यायचास, व्याजासकट.

आणि हो, परवा आई शेजारच्या काकूंना सांगत होती की सिनेमात आमच्याकडचा एक दशावतारी आहे, काय काम करतो! नाव काही तिला आठवेना. मीही सांगितलं नाही.

तुझा,
विन्या